गोपनीयवाले नाना

बारामतीच्या एस.टी. स्टँडवर उतरून "इथं गुप्त पोलीस कुठं राहतो हो?" असं कुणालाही विचारावं. पोर असेल तर बोट दाखवील, म्हातारा असेल तर "चला, तिकडंच चाललोय" म्हणून सोबत येईल, आणि चहावाला असेल तर फडका खांद्यावर टाकून म्हणेल, "बसा की. चारला येत्यात ते."

हे आमचे नाना. पोलीस ठाण्याच्या गोपनीय शाखेत त्यांची बावीस वर्षं गेली. आधी इंदापूर, मधे बारामतीला बदली, पुन्हा इंदापूर, पुन्हा बारामती. निवृत्त होऊन आता बारामतीत घर बांधून राहिलेत, तरी ओळख तीच. भाच्याच्या लग्नपत्रिकेवर निमंत्रकांच्या यादीत त्यांचं नाव छापलं तेव्हा घरच्यांनी पुढे कंसात 'गोपनीय' असं टाकलं होतं. नाहीतर लोकांना कळलंच नसतं, कोणते नाना.

ज्यांचा ठाण्याशी कधी संबंध आला नाही अशा भाग्यवंतांसाठी सांगतो. प्रत्येक पोलीस ठाण्यात गोपनीयचं काम बघणारा एखादा-दुसरा अंमलदार असतो. त्यानं साध्या कपड्यांत फिरायचं. मोर्चा, उपोषण, रास्ता रोको, जयंती, साखर कारखान्याची सर्वसाधारण सभा, गणेश मंडळांची बैठक, जत्रेतला तमाशा, जिथं म्हणून चार माणसं जमून आवाज चढवतील तिथं त्यानं हजर राहायचं. कोण आलं, काय बोललं, किती जमले, पुढं काय होणार याचा अहवाल साहेबांमार्फत जिल्हा विशेष शाखेला पाठवायचा. शिवाय नोकरीसाठी लागणारी चारित्र्य पडताळणी आणि पासपोर्टची चौकशीही त्याच्याच गळ्यात. आता मला सांगा, ज्या माणसानं तालुक्यातल्या दुबईला गेलेल्या प्रत्येक फिटरच्या आणि जर्मनीला शिकायला गेलेल्या प्रत्येक पोराच्या पडवीत बसून पोहे खाल्लेत, त्यानं गुप्त राहायचं तरी कसं?

वेश साधा असे, हे खरं. आकाशी शर्ट, काळी पँट, खिशाला एक पेन आणि एक छोटी डायरी. पण पायात बूट खात्याचेच. "बूट कोण बगतंय?" असं नानांचं म्हणणं. सगळा तालुका बूटच बघायचा. सभेत गर्दीतून तपकिरी बूट सरकताना दिसले की व्यासपीठावरचा निवेदक माइकवरून सांगायचा, "नाना, पुढं या, खुर्ची ठेवलीय." नाना हात हलवून 'नको नको' करत पुढं जाऊन बसायचे.

आंदोलन ठरलं की पहिला फोन नानांना. "नाना, परवा अकराला नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यासाठी रास्ता रोको हाय. तुमी साडेधालाच या, नाश्टा करू." तिथं पोचल्यावर नानांनी पुढाऱ्याच्या हातात प्रतिबंधक नोटीस ठेवायची, पुढाऱ्यानं ती न वाचता सही करून परत द्यायची, मग दोघांनी मिसळ खायची. भाषण नानांनी लिहून घेतलं नाही तर वक्त्याला आपण बोललोच नाही असं वाटे. एकदा एक तरुण कार्यकर्ता सरकार उलथवून टाकण्याची गर्जना करून घामाघूम खाली उतरला आणि थेट नानांपाशी आला. "नाना, आलं का नीट? 'उलथवू'च लिवा बरं का. मागच्या टायमाला तुमी 'बदलू' लिवलं हुतं."

नाना म्हणाले, "तू जरा दमानं उलथवत जा बाबा. लिवायला गावत न्हाई."

गर्दी मोजण्यात नानांचा हात धरणारा पुणे ग्रामीणमध्ये कुणी नव्हता. संयोजक दहा हजार म्हणत, वार्ताहर पाच हजार छापी, आणि नानांच्या अहवालात लिहिलेलं असे 'अंदाजे ८४०'. हा चाळीस कुठून येतो, असं मी एकदा विचारलं. मंगल कार्यालयात सभा असली तर ते दारातले चपलांचे जोड मोजत. मैदानात असली तर ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या; एका ट्रॉलीत तीस, बायका असल्या तर पस्तीस, "बाया दाटीवाटीनं बसत्यात." उपोषणाला चहाचे रिकामे कप. त्यांचा हिशेब एकाच ठिकाणी कोसळला. आषाढात तुकोबांची पालखी बारामतीहून निघते, बेलवाडीला रिंगण होतं, निमगाव केतकी, इंदापूर करत सराटीला जाते. पहिल्या वर्षी नानांनी कागदावर काहीतरी आकडा घातला. दुसऱ्या वर्षी मोजता मोजता ते टाळकऱ्यांबरोबर चालत सराटीपर्यंत गेले आणि अहवालात लिहून आले, 'वारकरी भरपूर.' साहेबांनी खुलासा मागितला म्हणतात.

मला सगळ्यात आवडे ती त्यांची ऐकण्याची पद्धत. निमगाव केतकीच्या पानमळ्यातलं पान, त्यात भरपूर चुना-कात-सुपारी, असा विडा ते गालात धरत आणि एखाद्या कट्ट्यावर, सलूनमध्ये, खतांच्या दुकानाच्या पायरीवर जाऊन बसत. विड्यामुळे त्यांना बोलता येत नसे. आणि समोर गप्प बसलेला माणूस आमच्या भागात कुणाला सहन होत नाही. दोन मिनिटांत शेजारचा सुरू. ऊस कुठल्या कारखान्याला घातला, उचल किती मिळाली, कुणाचा गट कुणाला भेटून आला, अविश्वास ठराव कधी येणार, सरपंचाच्या मेव्हण्यानं कुठं प्लॉट घेतला. नाना फक्त भुवया वर करायचे. त्या भुवयांवर ठाण्याची निम्मी माहिती उभी होती. लोक म्हणत, नानांचे कान पार भिगवणपर्यंत जातात. उजनीच्या पाण्यावर रोहित पक्षी उतरला तर नानांना पंखांचा आवाज येतो.

२०१२ च्या नोव्हेंबरात ऊसदराच्या आंदोलनात इंदापूर तापलं होतं, तेव्हाची एक हकीकत नाना अजून सांगतात. दगड आले, लाठ्या चालल्या, त्याचं त्यांना काही नाही. "पन सर, च्यार दिवस मला कुणी च्या पाजला न्हाई. पार चौथ्या दिवशी सांजच्याला एकानं बोलावलं. साखर कमी हुती, पन पाजला."

असा हा माणूस निवृत्त झाल्यावर मात्र उदास दिसायला लागला. ओळख आहे, पेन्शन आहे, पण हाताखालून गेलेला एक कागदही स्वतःजवळ नाही. "तुमी शिकिवलेली पोरं तरी दिसत्यात, सर. माजं सगळं पाषाणला एस.पी. ऑफिसात. कुटल्या रॅकला आसंल कुनाला म्हाईत. न्हाईतर रद्दीत."

मी हायस्कुलात तीस वर्षं इतिहास शिकवला. न विचारता माहिती देणं हा माझा जुना आजार. मी त्यांना टिळकांची गोष्ट सांगितली. १९१६ साली बेळगावला आणि अहमदनगरला टिळकांची होमरूलवर भाषणं झाली. सभेत पोलीस खात्याचे लघुलेखक बसले होते आणि शब्द न् शब्द उतरवून घेत होते. त्या कागदांवर सरकारनं टिळकांकडून चांगल्या वर्तणुकीचा जामीन मागितला. पुढं जिनांनी उच्च न्यायालयात बाजू मांडली आणि तो हुकूम रद्द झाला. "म्हणजे बघा नाना," मी म्हटलं, "ती भाषणं पुढं लोकांना वाचायला मिळाली त्यात तुमच्या खात्याचाही हात आहे. इतकंच काय, स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारनं स्वातंत्र्यलढ्याच्या इतिहासाची साधनं म्हणून जे खंड छापायला घेतले, त्यांत जुन्या पोलिसांचे अहवालच अहवाल आहेत."

नाना बराच वेळ गप्प होते. विडा नव्हता तरी. मग म्हणाले, "टिळक बोलताना दम खात आसतील. आमचे दम खात न्हाईत."

त्यांना बरं वाटलं असावं, कारण दुसऱ्या दिवशी ते आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाची वर्गणी भरायला आले.

संघाची गोव्याची सहल निघाली ती मागल्या हिवाळ्यात. मंगेशी, शांतादुर्गा, जुन्या गोव्याचं चर्च, कळंगुटचा समुद्र, काजू-खरेदी, असा सर्वमान्य कार्यक्रम. मी त्यात हट्टानं आग्वादचा तुरुंग घुसडला. लगेच बैठकीत विरोध झाला. तुरुंग बघायला एवढ्या लांब कशाला, येरवडा काय वाईट आहे? आणि तिथंही २०२१ च्या प्रजासत्ताकदिनापासून तुरुंग-पर्यटन सुरू झालंयच की! एका वहिनींनी स्पष्ट सांगितलं, "देवाला निघालोय आन् मधेच तुरुंग?" तेव्हा मागून नानांचा आवाज आला, "बगू की. आपन दुसऱ्याला आत घालीत आलो. आत कसं आसतं ते बगाया पायजे." ठराव मंजूर झाला. कोण कुणाच्या बाजूनं होतं हे नानांना बैठकीआधीच माहीत होतं, असं मला मागाहून कळलं.

बसमध्ये नानांनी सगळ्यात मागची सीट घेतली. गुडघे दुखतात, धक्के बसतील, असं सगळे सांगत होते. "मागनं समदी बस दिसती," एवढंच ते म्हणाले.

रात्री फलटण सोडल्यावर अध्यक्षांनी माइक माझ्या हातात दिला. मी विषय घेतला जगातल्या गुप्त पोलिसांचा, म्हणजे उद्या बघायचंय त्याची पूर्वतयारी. पूर्व जर्मनीच्या श्टाझीचं सांगितलं. दीड-पावणेदोन कोटींचा देश आणि पगारी माणसं सुमारे ९१ हजार; वर बिनपगारी खबरे जवळपास पावणेदोन लाख. शेजारी शेजाऱ्यावर, काही घरांत तर नवरा बायकोवर अहवाल लिहितोय. त्या कागदांच्या फायली एकापुढं एक ठेवल्या तर १११ किलोमीटर भरतात. १५ जानेवारी १९९० ला बर्लिनकर त्यांच्या मुख्यालयात घुसले आणि त्याच वर्षी तिथं संग्रहालय झालं. आता मंत्र्याचं टेबल, लपवलेला कॅमेरा, सगळं तिकीट काढून बघता येतं.

"१११ किलोमीटर म्हंजे?" मागून प्रश्न आला.

"बारामतीहून पार पुण्यापर्यंत."

"आन् वाचीत कोन हुतं एवढं?"

हा प्रश्न मी आजवर कुठल्याही पुस्तकात वाचला नव्हता. मी सावरून बरण्यांकडे वळलो. श्टाझीवाले संशयिताच्या अंगाचा वास पिवळ्या फडक्यात टिपून घेत, चौकशीच्या खुर्चीवर कापड ठेवत, आणि तो तुकडा काचेच्या बरणीत घालून, झाकण घट्ट लावून, वर नाव लिहून फडताळात ठेवत. पुढं पत्रक वगैरे सापडलं की कुत्र्याला बरणी हुंगवायची.

"लोनच्यावानी?" नाना.

"अगदी तशाच बरण्या."

"आरं तिच्या..." नानांच्या आवाजात खात्याबद्दलचा आदर आणि माणसाबद्दलची किळस असं दोन्ही होतं. "आमाला कापूरवडीचा खर्च मंजूर हुईना आन् ह्यांच्याकडं बरन्या!" कापूरवडी कशाला लागायची हे त्यांनी सांगितलं नाही.

आग्वादला पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. पोर्तुगिजांनी डचांच्या धास्तीनं १६१२ साली पुरा केलेला किल्ला. वरच्या अंगाला दीपस्तंभ आणि पाण्याचं प्रचंड टाकं; आग्वाद हे नाव पाण्यावरूनच. खाली समुद्राच्या कडेला तुरुंग. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या अमलात राजकीय कैद्यांना इथं आणून डांबत. गोवा मुक्त झाल्यावरही २०१५ पर्यंत इथं कैदी होते; मग त्यांना कोलवाळच्या नव्या तुरुंगात हलवलं, इमारतीची डागडुजी झाली आणि १९ डिसेंबर २०२१ ला, मुक्तीला साठ वर्षं पुरी होताना, तिचं संग्रहालय झालं. जागा इतकी देखणी आहे की आमच्या अर्ध्या मंडळींनी आत पाऊल टाकायच्या आधी समुद्राकडे पाठ करून फोटो काढायला सुरुवात केली. त्याच वहिनी म्हणाल्या, "अगं बाई, तुरुंगाला हे एवढं छान हवापाणी!"

नाना फोटोत नव्हते. ते भिंतीला हात लावून बघत होते. मग पावलं टाकत कोठडीची लांबी-रुंदी मोजली. दाराचा कडी-कोयंडा हलवून पाहिला. खिडकी किती उंचावर आहे, तिच्यातून आवाज कुठं जाईल, पहारेकरी कुठं उभा राहत असेल, हे सगळं त्यांचं स्वतःशीच चाललं होतं. एकदम म्हणाले, "सर, शेजारच्या खोलीत जावा आन् हळू कायतरी बोला."

मी इतिहासाचा सेवानिवृत्त शिक्षक, वय सत्तर, पोर्तुगीज कोठडीत जाऊन भिंतीशी कुजबुजलो, "बाबराची स्वारी, १५२६." पलीकडून शांतपणे उत्तर आलं, "मोठ्यानं न्हाई, सर. कैदी आसं बोलत न्हाईत." एक तरुण जोडपं आमच्याकडे बघत बाहेर निघून गेलं.

मग आम्ही डॉ. राम मनोहर लोहिया आणि त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा यांच्या नावे राखलेल्या कोठड्या पाहिल्या. १८ जून १९४६ ला मडगावात सभाबंदी मोडून लोहियांनी गोवामुक्तीची ठिणगी टाकली. सप्टेंबरात पुन्हा गोव्यात शिरताना त्यांना कुळे स्थानकावर धरलं आणि इथं आणलं. कुन्हांना त्याच वर्षी लष्करी न्यायालयापुढं उभं करून आठ वर्षं ठोठावली आणि पोर्तुगालातल्या पेनिशच्या किल्ल्यात नेलं. तोही किल्ला आता संग्रहालय आहे. मी सांगत होतो. १९५५ च्या मे महिन्यात आपल्या पुण्याहून गेलेली नानासाहेब गोरे, सेनापती बापट, शिरूभाऊ लिमये यांची सत्याग्रहींची पहिली तुकडी. मागून मधू लिमये. गोरे-लिमयांना दहा-दहा, बारा-बारा वर्षांच्या शिक्षा, सुटका १९५७ मध्ये. आणि सांगलीकडून येऊन गोव्यात मास्तर झालेले मोहन रानडे. ते सव्वीस वर्षांची शिक्षा घेऊन लिस्बनजवळच्या काशियशच्या तुरुंगात होते. गोवा १९६१ ला सुटला. रानडे सुटले १९६९ ला.

"म्हंजे गाव सुटून गडी आतच?" नाना म्हणाले.

"सात वर्षं."

"मास्तर हुते?"

"मास्तरच."

नानांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच सात वर्षं जादा काढून आलोय. दिवसभर मग त्यांनी मला पाण्याची बाटली उचलू दिली नाही.

सालाझारच्या गुप्त पोलिसांचं नाव 'पिडे'. लिस्बनमध्ये १९४५ साली ही संघटना उभी राहिली. पुढं गोव्यातही तिची माणसं आली. "नावातच पीडा हाय," असा शेरा नानांनी लगेच मारला. पिडेच्या खबऱ्यांना पोर्तुगीज लोक 'बूफु' म्हणत, त्या शब्दाचा एक अर्थ घुबड, हेही मी सांगितलं. चहाच्या दुकानात, चर्चच्या दारात, कचेरीत बूफु बसलेले. नाना हे ऐकताना नेहमीसारख्या भुवया वर करत नव्हते, हे माझ्या लक्षात आलं. ते भिंतीवरच्या नावांकडे बघत होते.

"सर, आत आलेल्यांची नावं हायत. खबर देनाऱ्याची पाटी कुटंय?"

"त्याची पाटी कोण लावील, नाना?"

"न्हाई, लावाया पायजे आसं न्हाई. इचारलं आपलं."

मंडळी पुढं गेली. नाना एका कोठडीच्या उंबऱ्यावर बसले. गुडघ्यामुळे बसले असं मला वाटलं. खिशातून पानाची डबी काढली, उघडली, बंद केली, परत खिशात टाकली. मग म्हणाले, "तुमाला एक सांगतो. माज्या अहवालात एक वाक्य लई यायचं. 'जमावाने घोषणा दिल्या, घोषणा अस्पष्ट.' पार साहेब वैतागलं हुतं. एकदा म्हनाले, नाना, कान तपासून घ्या, सरकारी खर्चानं."

"पण तुमचे कान तर..."

"कान चांगले हुते हो. दुधाच्या आंदोलनात पोरं काय काय बोलत. गरम रक्त. बारावी झालेलं पोरगं मंत्र्याची तिरडी बांधतंय, त्याचा काय जीव? ते कागदावर गेलं की उद्या तलाठ्याच्या भरतीला, परवा पासपोर्टाला आडवं येनार. मग मी आपलं लिवायचो, अस्पष्ट." जरा थांबून ते म्हणाले, "समदंच आसं केलं न्हाई. काय काय स्पष्ट बी लिवलंय." कुणाचं, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. समुद्राचा आवाज त्या कोठडीत फार मोठा येतो.

तेवढ्यात अध्यक्ष शिट्टी वाजवत आले. काजूच्या दुकानाची वेळ टळत होती.

काजूच्या दुकानाच्या शेजारी दुसरं दुकान होतं. त्यापुढच्या दीड तासाविषयी मला फार लिहिता येणार नाही, कारण मी गुंतलेलो होतो. एवढं सांगतो की बसमध्ये परतताना कित्येक ज्येष्ठ नागरिकांच्या चालीत एक नवाच सांभाळून चालण्याचा प्रकार दिसला. आमच्यातल्या भजनी मंडळाची पेटी येताना दोघं उचलत होते, आता चौघं उचलत होते. अप्पांच्या थर्मासमध्ये काढा होता, असं अप्पांनी न विचारता तिघांना सांगितलं. तात्यांनी काजूफेणी एका लोणच्याच्या बरणीत ओतून घेतली होती, वर चार मिरच्या तरंगत सोडल्या होत्या आणि बरणीवर चिठ्ठी डकवली होती, 'लिंबू, उपवासाचे'. माझ्या पिशवीत काय होतं, हे इथं अप्रस्तुत आहे. हे व्यक्तिचित्र नानांचं आहे.

नाना मागच्या सीटवर पाय पसरून झोपले होते. त्यांची डायरी सीटवर उघडी पडली होती. आयुष्यभर दुसऱ्याचं वाचणाऱ्याचं आपण एकदा वाचावं, असा मोह मला आवरला नाही. अक्षर वळणदार, मजकूर खात्याच्या थाटाचा. 'बारामती येथून प्रस्थान २१.१० वा. एकूण इसम ३८, पैकी महिला १७. २२.०० वा. सर यांनी जर्मनी या विषयावर भाषण केले. श्रोते ३७, पैकी जागे ७. भाषण शांततेत पार पडले.' पुढं आग्वादच्या तारखेला एकच ओळ: 'आवाज पलीकडे जातो.' मी डायरी होती तशी ठेवली. नानांनी डोळे न उघडता ती उचलून खिशात घातली.

महाराष्ट्रात शिरून बांदा ओलांडल्यावर नाक्यावर गाडी थांबली. एक्साइजचा तरुण अधिकारी वर चढला. टॉर्च, हातात पावतीपुस्तक, मागे एक शिपाई. गोव्याची बाटली परवान्याशिवाय इकडे आणता येत नाही हे सगळ्यांना पाठ होतं. त्यामुळे बसमध्ये एकाएकी भक्तिभाव पसरला. कुणीतरी हलक्या आवाजात हरिपाठ सुरू केला. अधिकाऱ्यानं पेटीवर टॉर्च मारला. चारही वाहक खिडकीबाहेर बघू लागले.

आणि आमच्या अध्यक्षांना अवदसा आठवली. धाक बसेल म्हणून ते छाती काढून म्हणाले, "साहेब, आमी कायद्यानं चालनारी मानसं. आमच्यात पोलीस खात्यातले हायत, गोपनीय शाखेचे. ते बगा, मागं!"

अधिकारी खूश झाला. "अरे वा! मग माझं काम सोपं झालं." तो सरळ मागच्या सीटपर्यंत गेला, नानांना नमस्कार केला आणि जवळजवळ लाडात येऊन म्हणाला, "नाना, तुम्ही खात्यातले. तुम्हाला सगळं माहीत असणार. तुम्हीच सांगा, कुणाकुणाकडे काय काय आहे?"

हरिपाठ थांबला. मी माझ्या जागेवरून नानांचे बूट बघत होतो. तपकिरी, पॉलिश केलेले. गेल्या दोन दिवसांत कोण कुठल्या दुकानात शिरला, काय घेतलं, कितीला घेतलं, कुठं लपवलं, याची पुरी यादी त्या सीटवर बसली होती, याबद्दल बसमधल्या एकाही जिवाला शंका नव्हती. तात्यांनी बरणी पोटाशी धरली.

नानांनी सावकाश उजवा हात कानामागं नेला, तोंड जरा उघडं ठेवलं आणि भोळ्या म्हाताऱ्याचा चेहरा करून विचारलं, "काय म्हनालात?"

"म्हटलं, कुणाकडे काही माल आहे का?"

"साल? धा वर्सं झाली रिटायर हून."

"माल! माल!"

"जरा मोठ्यानं बोला साहेब. कानाचा तरास हाय. खात्यात असतानाच सुरू झाला. अहवालात बी नोंद हाय माज्या."

अधिकाऱ्यानं नानांकडे पाहिलं, मग बसभर टॉर्च फिरवला. सतरा बायका, एकवीस म्हातारे, पेटी, टाळ, काजूची पोती, मंगेशीचा प्रसाद. त्याच्या मागं गाड्यांची रांग हॉर्न वाजवत होती. "जा," तो ड्रायव्हरला म्हणाला.

सावंतवाडी गेलं तरी कुणी बोललं नाही. आंबोलीचा घाट लागला, वळणावळणाला बस डुलायला लागली, अप्पांनी थर्मास घट्ट धरला. अंधार होता, ड्रायव्हरनं आतले दिवे घालवले होते. सगळ्यात पुढच्या सीटवरच्या वहिनी त्यांच्या सुनेला फोनवर अगदी हळू, ओठांतल्या ओठांत सांगत होत्या की उद्या जेवायला नाही, परवा येते.

त्यावर मागून, पार शेवटच्या सीटवरून, नानांचा आवाज आला. "वैनी, परवा एकादशी हाय, सुनंला सांगा. आन् तात्या, बरनीचं झाकन जरा घट्ट लावा. वास सुटलाय."